उदबत्तीने मोजलेलं पाणी

कान्ओंजी शहर मागे टाकून बस डोंगराकडे वळली, तेव्हा मी वहीतले शब्द शेवटचे चाळून घेत होते. बहुकमानी धरण, आधारस्तंभ, सांडवा, विसर्ग. पुण्यात जपानी शिकून दुभाषी झाले त्याला बारा वर्षं झाली, पण ती सगळी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत गेली. पाण्याचं काम हे पहिलंच. बसमध्ये महाराष्ट्रातल्या पाणी वापर संस्थांचे नऊ जण होते. चौघे धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडचे, तिघे नाशिकचे, दोघे सोलापूरचे. त्या दोघांतले एक सांगोल्याचे अण्णा. गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर कापडी पिशवी. ती पिशवी त्यांनी मुंबईच्या विमानतळापासून कुणाच्या हाती दिली नव्हती.

बघायचं होतं होनेन-इके. ‘होनेन’ म्हणजे भरघोस पीक, ‘इके’ म्हणजे तळं. आहे मात्र ते धरणच. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात, शेतीला पाणी पुरवण्यासाठी शेतकऱ्यांनी बांधून घेतलेलं. क्षेत्रफळाने कागावा हा जपानमधला सर्वांत लहान प्रांत, आणि पाण्याच्या बाबतीत कायमचा रडका. इथे पाऊस कमी पडतो, म्हणून बारा हजारांहून जास्त तळी खणलेली आहेत, असं मी माइकवर सांगितलं.

“कमी म्हंजे किती?” मागून अण्णा.

“वर्षाला साधारण 1150 मिलिमीटर.”

बसमध्ये आधी शांतता, मग हशा. “आमच्याकडं पाचशे झाला तर पेढं वाटत्यात,” अण्णा म्हणाले. “अन् ह्यो ह्यांचा दुष्काळ?”

प्रश्न चुकीचा नव्हता. पण भात उभ्या पाण्यात वाढतो, डोंगर आणि समुद्र यांच्यात अंतर थोडं, नद्या आखूड आणि उताराच्या. पडलेलं पाणी बघता बघता समुद्रात. अडवलं नाही तर हाती काहीच नाही. म्हणून इथल्या माणसाने शेकडो वर्षं एकच उद्योग केला, पाणी अडवायचा. जपानचा मोठा बौद्ध आचार्य कूकाई याच प्रांतात जन्मला, आणि 821 साली इथलंच मान्नो-इके हे फुटलेलं तळं त्याने दुरुस्त करवून घेतलं. संताने तळ्याचा बांध घातला म्हटल्यावर अण्णांनी नुसतेच हात जोडले. त्यांना ते फार पटलं असावं.

धरण एकदम समोर येतं. झाडीतला रस्ता वळतो आणि दरीत एक काळपट दगडी वास्तू उभी दिसते. मला तर जुना किल्लाच वाटला. उंची सुमारे तीस मीटर, लांबी दीडशेच्या आत. सहा जाडजूड दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये पाच कमानी. 1926 साली काम सुरू झालं, 1930 साली संपलं. आसपासचे शेतकरी स्वतः कामावर राबले. कोबे शहराच्या पाणीपुरवठ्याची धरणं बांधलेले अभियंते सानो तोजिरो यांचं मार्गदर्शन त्याला होतं. 2006 पासून ते राष्ट्राची महत्त्वाची सांस्कृतिक ठेव म्हणून नोंदलेलं आहे, पण त्याची नोकरी काही सुटलेली नाही. शेतीला पाणी आजही तेच देतं.

आमचे यजमान पायथ्याच्या बागेत उभे होते. स्थानिक शेतकरी संस्थेचे जुने सभासद, ऐंशीच्या घरातले, गळ्यात टॉवेल, पायात रबरी बूट. मी वहीतलं पहिलं वाक्य टाकलं: “कमानींवर येणारा जलदाब आधारस्तंभांकडे संक्रमित होतो.”

साक्रीच्या नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जपानीच बोलले. ते तारुण्यात गवंडीकाम करायचे. दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी मान वर केली, हाताने हवेत कमान काढली आणि बाकीच्यांना म्हणाले, “दाराची कमान वरचं ओझं दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टाकते ना? तीच कमान आडवी पाडून पाण्याकडे पाठ करून उभी केलीय. पाणी रेटतं, रेटा बाजूच्या धिऱ्यांवर. मधली भिंत पातळ चालते, मालमसाला वाचतो.” मग माझ्याकडे वळून, “आधारस्तंभ नको म्हणू पोरी. धिरे म्हण.”

मी वहीत आधारस्तंभ खोडून धिरा लिहिलं. अशी खाडाखोड त्या दिवशी पुष्कळ झाली.

दुसरी ‘यूरू’ या शब्दावर. तळ्याच्या तळाशी पाणी सोडायचं भोक असतं, त्याचं झाकण म्हणजे यूरू. पूर्वी ते लाकडी असे. उन्हाळ्यात ते उपटून पाणी सोडायचा दिवस म्हणजे ‘यूरू-नुकी’, गावाचा सणच. मी म्हटलं, “व्हॉल्व्ह उघडण्याचा समारंभ.” नाशिकचे एक काका म्हणाले, “ताई, उघडायचा का उपटायचा?” उपटायचा. “मग मोरीचं बूच म्हणा की!” बरोबर होतं. ‘नुकी’ म्हणजे उपटणंच. सोपा शब्द माझ्या जिभेवर यायला बिचकत होता, कारण मला हुशार दिसायचं होतं.

यजमान सांगत होते. होनेन-इकेचं पाणी थेट शेतात जात नाही. खाली इसेकी-इके नावाचं तळं आहे, त्यात उतरतं. आधी खालचं पाणी वापरायचं, ते उतरलं की वरचं बूच काढायचं. अशा तळ्यांना इथे नात्यागोत्याची नावं आहेत: ओया-इके, को-इके, मागो-इके. को म्हणजे पोर, मागो म्हणजे नातवंड. ‘ओया’ला मी अडले. जपानीत त्या एका शब्दात आई आणि बाप दोघेही येतात. मी “आईतळं” म्हटलं आणि लगेच साक्रीच्या सरपंचबाई म्हणाल्या, “बरोबर. पोरं जेवल्याशिवाय हिने हंड्याला हात लावायचा नाही, म्हणजे आईच.”

मग नानांनी तो प्रश्न विचारला, जो पाण्याचं काम करणारा मराठी माणूस कुठेही गेला तरी विचारणारच. “टेलच्या, म्हणजे पाटाच्या पार शेवटच्या माणसाला पाणी पोचतं का?”

मी प्रश्न पोचवला. म्हातारबाबा खळखळून हसले आणि चार अक्षरं बोलले: “गादेन-इन्सुई.”

हा शब्द मला पाठ होता. परीक्षेला हमखास येतो. मी आत्मविश्वासाने सांगितलं, “आपल्याच पोळीवर तूप ओढणं.”

नाना गोंधळले. “मी पाण्याचं विचारलं. तूप कुठून आलं?”

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. बारा वर्षं मी हा वाक्प्रचार कंपन्यांच्या बैठकांत वापरत होते, एखादा विभाग सगळं श्रेय लाटू लागला की. त्याची अक्षरं कधी सुटी करून पाहिली नव्हती. माझं, शेत, ओढणं, पाणी. म्हातारबाबा वाक्प्रचार टाकत नव्हते. घडायचं ते सांगत होते. “रात्री पाटाचा बांध फोडून पाणी आपल्या शेतात वळवणं,” मी म्हटलं.

“हां, आता कळलं,” नाना म्हणाले. “त्यासाठी तर जागल्या लागतो.”

आता दोन्हीकडून बोलणं इतकं भराभर येऊ लागलं की मला दम खायला वेळ नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत नानांनी जमिनीवर काडीने काढून दाखवली. नदीवर बंधारा, त्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, वाटपाला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांची नेमणूक शेतकऱ्यांनीच करायची. म्हातारबाबा उकिडवे बसले. इथे पाटकऱ्याला ‘मिझुबान’ म्हणतात, पाण्याची पाळी राखणारा. त्यांनी मराठी शब्द दोनदा म्हणून पाहिला: “पातोकारी. पातोकारी.” नाना खूश.

पण पाळी मोजायची कशी? घड्याळं नव्हती तेव्हा? अण्णांचा प्रश्न.

“सेन्को-मिझु,” म्हातारबाबा म्हणाले. मला हा शब्द माहीत नव्हता, पण या वेळी अक्षरं आधी सुटी केली. सेन्को, उदबत्ती. मिझु, पाणी. उदबत्ती लावायची, ती जळेपर्यंत पाणी एकाच्या शेतात. विझली की दुसऱ्याच्या. जमीन जास्त त्याची उदबत्ती लांब.

अण्णा पुढे सरकले. “वारं सुटलं तर? वाऱ्यानं भराभरा जळंल की. त्या माणसाचं पाणी बुडंल.”

मी भाषांतर करताच म्हातारबाबांनी अण्णांकडे नव्याने पाहिलं. म्हणूनच पेटीत लावायचे, ते म्हणाले. वारा लागू नये म्हणून. 1974 साली डोंगराखालच्या बोगद्यातून योशिनो नदीचं पाणी प्रांतात आलं, कालवा झाला, आणि उदबत्तीचे दिवस मागे पडले. मग 1994 चा दुष्काळ आला. योशिनोवरचं सामेउरा धरण शून्यावर गेलं, ताकामात्सु शहरात पाणी दिवसातून काही तासच. तेव्हा जुन्या तळ्यांची किंमत परत कळली, म्हणाले.

अण्णांनी कापडी पिशवी उघडली. आतून पंढरपूरच्या उदबत्तीचा पुडा निघाला. रोजच्या पूजेसाठी आणलेला. एक काडी काढून त्यांनी म्हातारबाबांपुढे धरली आणि भुवया उंचावल्या. हे भाषांतर कुणी मागितलं नाही. म्हातारबाबांनी खिशातून लायटर काढला. धिऱ्याच्या सावलीत, दगडांच्या खाचेत, वारा चुकवून उदबत्ती उभी राहिली, आणि दोघे म्हातारे तिच्याकडे बघत बसले. नाना मोबाइलवर वेळ लावून.

ड्रायव्हर अस्वस्थ. जेवणाचं उदोनचं, म्हणजे जाड जपानी शेवयांचं, दुकान ठरलेलं होतं, आणि इथल्या त्या दुकानांचा नियम असा की शेवया संपल्या की दार बंद, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. ड्रायव्हर दोनदा येऊन माझ्या कानाशी बोलून गेला. मी नानांना विचारलं, नानांनी हात वर करून मला थांबवलं.

“एकतीस मिनिटं,” शेवटी नाना म्हणाले.

म्हातारबाबांनी मान हलवली. एवढ्यात माझं अर्धं शेतसुद्धा भिजणार नाही, ते म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा दुकानावर ‘आज संपलं’ची पाटी. आठ जण माझ्याकडे बघत होते. अण्णांना काहीच फरक पडला नव्हता. उदोनचा रस्सा सुकट माशांचा असतो हे मी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते तसेही खाणार नव्हते. त्यांनी पिशवीतून धपाट्यांची चळत आणि शेंगाचटणीची बरणी काढली, मोजली, आणि म्हणाले, “माणशी दीड. ड्रायव्हरला धरून.”