बारक्याला ऐकू येणारे दोघं

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा बावीस वर्षांचा, शिरोली एमआयडीसीत नाईट शिफ्टला जायचा. घरी आला की कानात इयरफोन, जेवताना पण, आणि आई ओरडायची की गाण्याचं वेड लागलंय. एकदा मी रागानं त्याचा एक इयरफोन ओढून माझ्या कानात घातला तर त्यात गाणंच नव्हतं, नुसता पंख्यासारखा घर्र आवाज. म्हटलं हे काय? तर खाली बघत म्हणाला, "त्यांचं ऐकू येऊ नये म्हणून."

ते म्हणजे दोन पुरुष. सारखं त्याच्याबद्दलच बोलायचे, "उठला बघ, आता चप्पल घालतोय बघ, हिला सांगितलं बघ त्यानं." मी पटकन म्हणाले अरे कोण नाहीये, भास आहे. तो गप्प झाला तो पुढं कितीतरी दिवस माझ्याशी बोललाच नाही. ही माझी चूक अजून टोचते मला.

मग जे सगळ्यांच्यात होतं तेच, बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून उतारे झाले, पौर्णिमेला दत्ताच्या दर्शनाला नरसोबाच्या वाडीला नेलं, आठ महिने गेले. आईच्या श्रद्धेवर माझा राग नाही, वाडीला गेल्यावर तिला चार घास जायचे. पण ते आठ महिने बारक्यानं एकट्यानं काढले.

डॉक्टरांनी सांगितलं स्किझोफ्रेनिया. जगात साधारण 300 माणसांत एकाला असतो आणि पुरुषांमध्ये बहुतेक विशीच्या आसपास सुरू होतो. दोन माणसं एका अंगात वगैरे नाही, तो गैरसमज आहे. मला सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य म्हणजे आवाज येत असताना मेंदूतले ऐकण्या-बोलण्याचे भाग खरंच काम करत असतात, म्हणजे त्याला खरोखरच ऐकू येत होतं आणि मी त्याला खोटं पाडत होते! आणि आवाज आला म्हणजे हाच आजार असं पण नाही हं. झोप नसली, ताप डोक्यात गेला, दारू अचानक सोडली, डिप्रेशन फार वाढलं तरी येतात. आमचे बाबा गेल्यावर दोन महिने मला जिन्यात त्यांचं खाकरणं ऐकू यायचं, जवळचं माणूस गेल्यावर असं खूप जणांना होतं, तो आजार नाही.

गोळ्यांनी फरक पडायला काही आठवडे गेले. वजन वाढलं, झोप यायची, मग बरं वाटतंय म्हणून दिवाळीत त्यानं स्वतःच बंद केल्या आणि महिनाभरात ते दोघं परत आले. कंटाळा आला तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील, गोळी बदलतील, पण मनानं बंद करू नका ओ.

आणि आवाज जर जीव दे किंवा कुणाला मार असं सांगत असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखान्यात न्या. कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारचा टेलीमानस नंबर आहे 14416, फुकट आहे, रात्रीपण लागतो, मराठीत बोलतात.

आता आई भाकरी थापता थापता त्याला विचारते, "काय म्हणत्यात रे आज?" शेजाऱ्यांची चौकशी करावी तसं. काल म्हणाला, "सकाळी होते, हळू होते, आता न्हाईत." आणि पिठलं मागून घेतलं.