पाच वाजता आलेले मजूर

व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली मुलांची बायबल शाळा (व्हेकेशन बायबल स्कूल), नुसती टाळ्या, गाणी आणि खडू, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ सरबत पुरवण्यात आणि चपलांच्या जोड्या लावण्यात जातो.

यंदा माझ्या वर्गाला पाठ होता मत्तयाच्या 20व्या अध्यायातला, द्राक्षमळ्यातले मजूर. मालक पहाटे एका दिनारावर, म्हणजे तेव्हाच्या दिवसभराच्या रोजावर, मजूर ठरवतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला पुन्हा जाऊन आणखी माणसं आणतो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज, तोही शेवटच्यांपासून सुरुवात करून.

छापील पुस्तिकेतल्या चित्रात कमरेएवढ्या वेली आणि मागे टेकडीवर वाडा. पेठ रोडचा एक मुलगा बघताक्षणी म्हणाला, "टीचर, मांडव कुठाय?" जिथे वेली डोक्यावरच्या मांडवावर चढवतात, त्या नाशिकच्या पोरांना द्राक्षबागेचं असलं चित्र पाठवणाऱ्यांना काय म्हणावं!

मी पुस्तिका मिटली. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या आया बागेत जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, डिपिंग (म्हणजे घड औषधात बुडवणं), पुढे खुडा, म्हणजे तोडणी. मे महिन्यात खरड छाटणी उरकली की फेलफूट, म्हणजे नको असलेले फुटवे, काढायला. पिकअप किती वाजता येते, मुकादम किती कापतो, सगळं पोरांना तोंडपाठ. (वचन मात्र पाठ होत नाही.) एक मुलगी म्हणाली, "उक्तं दिलं असतं, रोजावर नाही, तर भांडणच नसतं झालं."

"पाचवाले तोपर्यंत रिकामे का उभे होते?" मी विचारलं. मोठ्यांच्या बायबल अभ्यासात यावर हमखास 'आळशी होते' असं उत्तर येतं. आम्हाला कोणी कामावर लावलं नाही, असं ते मजूर स्वतः सांगतात, पण तेवढं वाचतो कोण? तीच मुलगी म्हणाली, "म्हाताऱ्यांना नाही घेत. माझी आजी नाक्यावर जाते आणि दहाला परत येते." चित्र काढताना तिने शेवटच्या मजुराच्या हातात पिशवी दिली आणि पिशवीत डबा. "डबा तर सकाळीच बांधावा लागतो ना."

तेवढ्यात मांडववाला म्हणाला, "मग दुसऱ्या दिवशी सगळे पाचलाच येतील."

मागे उभे असलेले पाळकसाहेब म्हणाले, "बाळा, हा स्वर्गाच्या राज्याचा दृष्टान्त आहे." खरंच आहे, पण असल्या उत्तराने पोरं गप्प होतात, पटलेलं नसतं. या दृष्टान्ताच्या जरा आधीच शिष्य पेत्राने येशूला विचारलंय, आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार? म्हणजे हिशोब मांडणारा हा पोरगा पहिला नव्हे. हे त्याला कसं सांगायचं याची मी जुळवाजुळव करत होते, तोवर त्या मुलीनेच त्याला सुनावलं, "पाचपर्यंत नाक्यावर उभं राहून बघ एकदा!"

"उभं राहणं काय काम आहे?" तो म्हणाला.

सरबताच्या रांगेतही दोघांचं तेच चालू होतं.