एका मुलाचं दुकान

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवरून रमतगमत जाताना पाट्या वाचायची खोड असेल, तर इंग्रजी व्याकरणाची उजळणी फुकटात होते. एका पाटीवर ‘किड’स वेअर’ असतं, म्हणजे आतले सगळे कपडे एकाच भाग्यवान मुलाचे. दुसरीवर ‘साडी’ज’, तिथे साडीचं नेमकं काय मिळतं, ते लिहायचं राहून गेलेलं. फ्लेक्सचे पैसे चौरस फुटावर लागतात, वरच्या स्वल्पविरामाचा, म्हणजे अपॉस्ट्रॉफीचा, वेगळा आकार नाही. म्हणून तो सढळ हाताने वाटला जातो.

पाट्यांचं जाऊ द्या, गिऱ्हाइकाला कळलं की भागलं. खरी गंमत शिकल्यासवरल्यांच्या अर्जांत, बायोडेटात, सोसायटीच्या नोटिशीत असते. ‘नागपूर इज फेमस फॉर इट’स ऑरेंजेस’ हे वाक्य शाळेतल्या निबंधापासून लग्नाच्या हॉलच्या जाहिरातीपर्यंत कुठेही भेटतं. कानाला त्यात काही खटकत नाही, कारण अपॉस्ट्रॉफी असलेला इट’स आणि नसलेला इट्स यांचा उच्चार एकच. चूक फक्त डोळ्यांना दिसते.

तरीही हिला अडाणीपणाची चूक म्हणणं अन्यायाचं होईल. नियम पाठ असलेला माणूसच ती करतो. शाळेत शिकवलेलं असतं की मालकी दाखवायची तर नामाला अपॉस्ट्रॉफी आणि एस लावा: रवी’ज सायकल, सिटी’ज रोड्स. मग नागपूरच्या जागी इट आलं की इट’स. तर्क बिनचूक आहे. सर्वनामांच्या घरात तेवढा तो चालत नाही. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, हूज यांतल्या एकाच्याही डोक्यावर ते चिन्ह नाही आणि इट्स त्यांच्याच पंगतीतला. (वन आणि समबडी मात्र नामासारखे वागतात, चिन्ह मिरवतात.) शंका आली तर इट्सच्या जागी हिज ठेवून पाहावं. ‘नागपूर इज फेमस फॉर हिज ऑरेंजेस’ ऐकायला विनोदी आहे, पण वाक्य उभं राहतं. म्हणजे चिन्ह नको.

खुद्द इंग्रजांनाही हे उशिराच जमलं. जुन्या इंग्रजीत निर्जीव वस्तूची मालकीसुद्धा हिजनेच दाखवत. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या आवृत्तीत इट्स हा शब्दच नाही. पुढे तो रुळला तेव्हा सतराव्या-अठराव्या शतकांत मालकीच्या अर्थानेही चिन्ह लावून सर्रास छापला जाई, आणि ‘इट इज’चं आखूड रूप म्हणून ‘टिज’ चालत असे. आजची वाटणी साधारण 1800 च्या सुमारास पक्की झाली. थोडक्यात, आपल्या निबंधातली चूक तेव्हाच्या लंडनच्या छापखान्यात खपून गेली असती.

चिन्ह कधी हवं, हे ओळखायला मराठी माणसाला खरं तर जड जाऊ नये. ‘झालंय’ म्हणजे ‘झालं आहे’, ‘आलाय’ म्हणजे ‘आला आहे’ हे आपण न शिकता उलगडतो. इट’स तसाच उलगडायचा: इट इज. त्यात नागपूरकर तर ‘पाऊस येऊन राहिला’ असं ऐसपैस बोलणारा, त्याला उलगडायचा कसला कंटाळा! अडतं ते दुसऱ्या उलगड्यापाशी. ‘इट’स बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग’ इथे इज घालून पाहिलं की वाक्य लंगडतं, आणि चिन्ह चुकलं असं वाटून माणूस ते खोडतो. तिथे इट हॅज असतं. दोन्ही घालून पाहावेत. दोन्ही बसले नाहीत तरच चिन्ह काढावं. ‘हू’ज टेकन माय हेल्मेट’मध्येही हॅजच आहे. ‘हूज हेल्मेट इज धिस’मध्ये मात्र मालकी, तिथे शब्द डब्ल्यू-एच-ओ-एस-ई असा वेगळाच लिहायचा.

युअर आणि यू’आर, देअर आणि दे’आर यांनाही हाच उलगडा पुरतो. देअरचा तिसरा, ‘तिथे’वाला भाऊ त्याच्या स्पेलिंगमध्ये दडलेल्या हिअरवरून ओळखावा.

जाहिरात किंवा अर्ज कॉम्प्युटरवर असेल तर स्पेलचेकच्या भरवशावर राहू नये. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे तो दोघांनाही पास करतो. मोबाइलचा कीबोर्ड तर कधीकधी आपणहून चिन्ह घुसवतो. कंट्रोल-एफ दाबून आधी चिन्हवाला शब्द शोधावा आणि प्रत्येक ठिकाणी उलगडून वाचावा. मग बिनचिन्हाचा शोधावा आणि पुढचा शब्द पाहावा. पुढे ए, द, नॉट, बीन किंवा गोइंग आलं तर चिन्ह राहून गेलंय असं जवळजवळ डोळे मिटून समजावं. विशेषण आलं की सावध व्हावं. ‘इट’स ब्युटिफुल’ आणि ‘फुटाळा अँड इट्स ब्युटिफुल सनसेट’ यांतला फरक ब्युटिफुलच्या पुढचा शब्द वाचल्याशिवाय कळत नाही.

अनेकवचनाची गोष्ट निराळी, आणि दिनविशेषांचे बॅनर छापणाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी. आधी अनेकवचन पूर्ण लिहावं. ते एसने संपत असेल तर चिन्ह एसच्या नंतर: टीचर्स’ डे हा सगळ्या शिक्षकांचा. वुमेन हे मुळातच अनेकवचन आणि शेवटी एस नाही, म्हणून वुमेन’स डेला चिन्ह एसच्या आधी. मदर’स डेलाही आधीच, पण वेगळ्या कारणाने: हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांनी तो एकेका घरातल्या एकेका आईचा असावा म्हणून एकवचनच धरलं होतं. आणि किड्सना मालक करायचं तर चिन्ह एसच्या नंतर सरकवायचं. तेवढ्याने त्या दुकानात दुसऱ्या मुलालाही प्रवेश मिळतो.

व्हॉट्सॲपवर एक उलटी चूक हल्ली बरीच दिसते. ‘इज इट हॉट इन नागपूर?’ याला उत्तर येतं, ‘यस, इट’स.’ वाक्य तिथेच संपत असेल तर इंग्रजीत हे आखूड रूप चालत नाही, कारण सगळा जोर इजवरच असतो. ‘यस, इट इज’ असं पूर्ण लिहावं. मे महिन्यात तर नक्कीच.