डोक्यावरून आंघोळ नको म्हणणारं मूल

रविवारी डोक्यावरून आंघोळ म्हटली की काही मुलं बाथरूमच्या दाराची चौकट धरून बसतात. किंचाळतात, कधी उलटीही काढतात. घरातला निकाल ठरलेला असतो: हट्टी आहे, लाडावलंय, एकदा धरून घाला पाणी म्हणजे सवय होईल. स्पर्श, आवाज आणि तोल यांचा हिशेब ज्यांच्या मेंदूत वेगळा लागतो, त्या मुलांना धरून पाणी घातल्याने सवय लागत नाही. पुढच्या रविवारी चौकट आणखी घट्ट धरली जाते, एवढंच.

‘डोक्यावरून पाणी’ हे आपल्याला एक काम वाटतं, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी आहेत. मान मागे जाते, डोळे मिटावे लागतात, कानामागून पाण्याचा बारीक ओघळ येतो आणि फरशी लावलेल्या खोलीत आवाज घुमतो. यातलं नेमकं काय सोसत नाही ते आंघोळीच्या वेळी कळणं कठीण. ते कोरड्यात तपासा. मुलाला पलंगावर मांडीत घेऊन मान हळूहळू मागे न्या. तिथेही ते दचकून तुम्हाला धरत असेल तर अडचण पाण्याची नाही, तोलाची आहे. ओल्या रुमालाने कपाळ पुसताना अंग आक्रसत असेल तर स्पर्शाची. गॅलरीत बादलीशी मजेत खेळणारं मूल बाथरूममध्ये रडत असेल तर बहुधा आवाजाची. त्यासाठी पाणी आधी भरून नळ आणि एक्झॉस्ट पंखा बंद ठेवणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आंघोळीच्या दहा मिनिटं आधी अंगाला जड काम द्या. स्नायू आणि सांध्यांवर जोर येतो अशा कामाने बरीच मुलं शांत होतात. दळणाचा डबा जमिनीवरून ढकलणं, दोन्ही हातांनी भिंत ढकलणं (मोजून दहा वेळा), कणकेचा घट्ट गोळा मळणं, यातलं काहीही चालेल. झोपाळा असेल तर पुढे-मागे संथ झोके द्या. गोल गिरकी नको, तिने काही मुलं आणखी चेकाळतात.

मग बुटक्या स्टुलावर बसवा. तळपाय फरशीवर पूर्ण टेकले पाहिजेत. लोंबकळते पाय असतील तर पडण्याची भीती वर आणखी बसते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूवर कोमट लागेल इतपतच, साधारण ३७ अंश. चारपदरी रुमाल कपाळावर मुलालाच धरू द्या, कारण डोळ्यांत पाणी जाणार नाही ही खात्री त्याच्या स्वतःच्या हातात असावी लागते. आता दोन्ही तळवे डोक्यावर ठेवून पाच आकडे होईपर्यंत घट्ट दाबा. त्यानंतर पाणी. तांब्या उंचावरून धरायचा नाही, त्याची कड डोक्याला टेकवून मानेच्या बाजूने ओतायचं. मान मागे नेण्याचीच भीती असेल तर हनुवटी छातीशी ठेवून मागून पाणी घाला. “एक, दोन, तीन, संपलं.” तीन म्हणजे तीनच. फेस राहिला तर ओल्या पंचाने टिपून घ्या, पण चौथा तांब्या घालू नका. मोजणी एकदा मोडली की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून शाम्पूच इतका कमी घ्यायचा की तीन तांब्यांत निघेल. शेवटी टॉवेल दाबून टिपायचा, खसाखसा घासायचा नाही.

इथे सगळ्यात जास्त चूक मायेपोटी होते. मूल घाबरतंय म्हणून आपण बोटांच्या टोकांनी हळूच, जपून स्पर्श करतो. अंगावरून माशी फिरावी तसा हा हलका, सरकता स्पर्श अशा मुलांना सावध करतो. तळव्याचा भरीव, एका जागी ठेवलेला दाब बहुतेकांना सोसतो. बाळाला तेल लावणाऱ्या जुन्या बायकांचा हात असाच भरीव असायचा. दाबाने मूल मागे सरकत असेल तर मात्र थांबायचं.

नखांनाही हेच लागू. आंघोळीनंतर नखं मऊ असतात. आधी बोटाचं टोक चिमटीत दाबायचं, मग कापायचं, आणि रोज दोनच नखं. हाताची दहा नखं पाच दिवसांत होतात, कुठे घाई आहे? झोपेत कापण्याची युक्ती बरेच जण वापरतात. पण मूल मध्येच दचकून जागं झालं तर झोपच बिघडते, त्यामुळे ती अडीनडीलाच.

केस कापताना मशीनचा घर्रर्र आवाज कानामागच्या हाडातून आत जातो, म्हणून कात्री बरी. पाण्याच्या फवाऱ्याऐवजी ओला कंगवा वापरायला सांगा. मानेवर पडलेले बारीक केस टोचतात, तेव्हा दुसरा शर्ट बरोबर न्या आणि तिथेच बदला. शनिवारी केस कापत नाहीत असं पाळणाऱ्यांचा इथे उपयोगच होतो, कारण त्या दिवशी सलून जरा मोकळं मिळू शकतं.

ज्यांचा विकासही मागे आहे, त्यांच्यासाठी काम उलट्या टोकाकडून शिकवा. इलॅस्टिकची हाफपँट घ्या: बसणं, पाय घालणं, गुडघ्यापर्यंत ओढणं, उभं राहणं, कमरेपर्यंत ओढणं. पहिल्या चार पायऱ्या तुम्ही करा, शेवटची त्याने. चार-पाच दिवस सलग न सांगता जमलं की उभं राहणंही त्याच्याकडे द्या. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल अर्ध्यात अडकतं आणि उरलेलं आपण उरकतो. उलट्या बाजूने गेलं की काम रोज त्याच्याच हातून पूर्ण होतं. हे फसतं ते घरात प्रत्येक जण वेगळी मदत करतो म्हणून. आजी सगळी पँट घालून देते, बाबा म्हणतात तूच घाल. सध्या कोणती पायरी चालू आहे ते कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा. सूचना दोन शब्दांची: “पाय घाल.” मग मनात दहा आकडे मोजा. तेवढ्यात दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितलं तर मुलाला ऐकण्यापासून सगळं परत सुरू करावं लागतं.

प्रत्येक गोष्ट ‘सेन्सरी’, म्हणजे स्पर्श-आवाज-तोल अशा संवेदनांची अडचण, म्हणून सोडून देऊ नका. आधी केसांना हात लावू देणारं मूल अचानक नको म्हणायला लागलं तर कान, दात आणि बद्धकोष्ठता बघा. बोलणं मागे असेल तर थेरपी सुरू असतानाच ऐकण्याची तपासणी करून घ्या. हाक मारली की वळतं, म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही. माती, खडू, भिंतीचा चुना खात असेल तर डॉक्टरांकडून रक्तातलं लोह तपासून घ्या.

आता नावाचा प्रश्न. मेंदूत संवेदनांचा हिशेब वेगळा लागतो ही कल्पना मांडली अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) जीन एअर्स यांनी, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२चं. पण मानसिक आणि विकासाच्या विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तकात, २०१३च्या डीएसएम-५ मध्ये, ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान नाही. संवेदनांना कमी-जास्त प्रतिसाद हे तिथे ऑटिझमच्या लक्षणांत येतं. आपल्याकडच्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही हे नाव नाही. म्हणजे फाइलवर फक्त ‘सेन्सरी इश्यूज’ लिहून आणलंत तर दिव्यांग प्रमाणपत्राला त्याचा उपयोग नाही, मूळ निदान विचारून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची, मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारी सरकारी केंद्रं आहेत. खासगी थेरपीच्या फीने दमण्याआधी तिथे जाऊन या.

या सेन्सरी थेरपीबद्दल पुरावे मर्यादित आहेत. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये पालकांना हे सांगावं असंच म्हटलं होतं. त्यामुळे वजनाचं जॅकेट, अंगावर फिरवायचा ब्रश वगैरे ऑनलाइन मागवून घरीच सुरू करू नका. लहान मुलावर वजनाची गोधडी घालून त्याला झोपवणं तर धोक्याचंच, ती त्याला स्वतःहून बाजूला सारता येत नाही. थेरपिस्टकडून ध्येय लिहून घ्या, आणि ते मोजता येईल असं हवं. ‘सेन्सरी सुधारेल’ हे ध्येय नाही. ‘आठ आठवड्यांत तीन तांबे होईपर्यंत कपाळावरचा रुमाल स्वतः धरील’ हे ध्येय. कॅलेंडरवर दर आंघोळीला किती तांबे झाले तो आकडा लिहीत जा, पुढच्या भेटीत दाखवायला तोच लागतो.