डिलनची गाणी, मँडोलिनच्या तारांवर

टिम ओब्रायन यांचा 'रेड ऑन ब्लाँड' हा 1996 सालचा अल्बम मी गेली अनेक वर्षे ऐकत आलो आहे आणि त्याची गोडी अजून ओसरलेली नाही. वेस्ट व्हर्जिनियात जन्मलेल्या आणि 'हॉट राइझ' या ब्लूग्रास (लाकडी तंतुवाद्यांवर वाजवला जाणारा अमेरिकी लोकसंगीताचा प्रकार) चमूतून नावारूपाला आलेल्या या गायक-वादकाने येथे केवळ अमेरिकी गीतकार-गायक बॉब डिलन यांचीच गाणी निवडली आहेत. शीर्षकही डिलन यांच्या 1966 मधील 'ब्लाँड ऑन ब्लाँड' या अल्बमची आठवण करून देते.

'मॅगीज फार्म' घ्या. 1965 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन यांनी विजेच्या गिटारवर गाऊन ज्या गाण्याने श्रोत्यांत खळबळ उडवली, तेच गाणे येथे पुन्हा लाकडी वाद्यांच्या अंगणात परतते, हे मला फार मोलाचे वाटते. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ढोल-ताशा काही नसतो. मँडोलिनच्या जोडीजोडीने बांधलेल्या आठ तारांवर उपमात्रेला, म्हणजे दोन मुख्य ठोक्यांच्या मधोमध, मारलेला तुटक, कोरडा आघातच ताल सांभाळतो. 'सबटरेनियन होमसिक ब्लूज'मधल्या शब्दांच्या सरबत्तीला ही लय चपखल बसते. 'ऑक्सफर्ड टाउन' मात्र मी सलग दोनदा ऐकू शकत नाही, कारण 1962 मध्ये अमेरिकेतल्या याच ऑक्सफर्ड गावच्या मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून उसळलेली दंगल त्या साध्या चालीत अजून धगधगते आहे.