आर३६चा सांगाडा उभा राहिला: टनेलमधला दुसरा शाफ्ट काढला

मंडळी, बॉडीला हात लावायच्या आधी खालचा सांगाडा पक्का करायचा असं ठरलं होतं, तो झाला. निसानची पुढची जीटी-आर, जिला आपण सगळे आर३६ म्हणतो, ती आतून कशी बांधलेली असेल याचा माझा अंदाज आता १/२४ मापात टेबलावर चार चाकांवर उभा आहे. आधार आर३५च्या, म्हणजे २०२५ला बंद झालेल्या जीटी-आरच्या, किटचाच आहे. इंजिन आणि मागचा ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र असलेला भाग) किटमधले, मधलं बरंचसं प्लास्टिकच्या शीटमधून कापून केलेलं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. शेवटची आर३५ २६ ऑगस्ट २०२५ला तोचिगीच्या कारखान्यातून बाहेर पडली. प्रीमियम एडिशन टी-स्पेक, रंग मिडनाइट पर्पल. १८ वर्षांत सुमारे ४८,००० गाड्या झाल्या. कंपनीचे प्रमुख इव्हान एस्पिनोसा तेव्हा म्हणाले की हा कायमचा निरोप नाही, जीटी-आर हे नाव एक दिवस परत आणायचं आमचं उद्दिष्ट आहे. तारीख त्यांनी दिली नाही. त्याच वर्षी निसानच्या अमेरिकेतल्या नियोजनाचे प्रमुख पॉन्झ पांडिकुथिरा यांनी जास्त ठोस माहिती दिली होती: गाडी हायब्रिड असेल, हे दशक संपायच्या आत ती यावी अशी अपेक्षा आहे आणि व्हीआर३८ इंजिनाचा ब्लॉक बहुधा तोच राहील, वरचे हेड, पिस्टन वगैरे नवीन होतील. माझं सगळं काम या तीन वाक्यांवर उभं आहे.

आपल्यात चर्चा चालते ती बहुतेक ताकदीच्या आकड्यांची. कोणी ८०० म्हणतो, कोणी १,०००. मला त्यात आता फार रस उरलेला नाही, कारण ब्लॉकमध्ये दम आहे हे सिद्ध झालंय. २००७ साली ४८० पीएसवर (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) सुरू झालेलं हेच ३.८ लिटर इंजिन पुढे ५७० वर गेलं, निस्मो या जास्त वेगवान आवृत्तीत ६०० वर, आणि इटालडिझाइनबरोबर केलेल्या जीटी-आर५०मध्ये ७२० वर. त्यामुळे ताकद मिळेल. खरा प्रश्न जागेचा आहे. मॉडेल करायला बसलं की तो टाळता येत नाही. कागदावर 'पुढे मोटर, मागे इंजिनाची ताकद, मध्ये बॅटरी' असं लिहून मोकळं होता येतं. इथे मात्र प्रत्येक वस्तू २,७८० मिलिमीटरच्या व्हीलबेसमध्ये (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात), म्हणजे माझ्या मापात ११६ मिलिमीटरमध्ये, खरोखर बसवावी लागते.

आता मुख्य काम. आर३५चा गिअरबॉक्स इंजिनाला चिकटलेला नाही, तो मागे, मागच्या चाकांच्या मध्ये आहे. इंजिनाची ताकद एका जाड कार्बन शाफ्टने मागे जाते, आणि तिथून पुढच्या चाकांसाठीचा वाटा दुसऱ्या, बारीक शाफ्टने परत पुढे येतो. पुण्यात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लिफ्टवर चढवलेली आर३५ मी खालून पाहिली आहे. खालचे पत्रे काढलेले होते आणि टनेलमध्ये, म्हणजे तळाच्या मधोमध असलेल्या लांब पोकळीत, एकाशेजारी एक असे दोन शाफ्ट स्पष्ट दिसत होते. ताकद आधी पूर्ण मागे न्यायची आणि मग गरजेपुरती पुढे आणायची, ही रचना २००७ साली वजन पुढे-मागे नीट वाटण्यासाठी केलेली होती आणि तिने काम चोख केलं. १,७४० किलोची गाडी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर ७ मिनिटं ३८ सेकंदांत फिरली आणि पुढे निस्मोने मायकेल क्रुम यांच्या हातात ७:०८.६७९ वेळ दिली.

पण हायब्रिड करायचं ठरलं की पहिल्यांदा जायला हवा तो हा दुसरा शाफ्ट. पुढच्या चाकांना इलेक्ट्रिक मोटर दिली, तर इंजिनाची ताकद पुढे परत आणायची गरजच संपते. होंडाने २०१६च्या एनएसएक्समध्ये हेच केलं: पुढे दोन मोटर, प्रत्येक चाकाला एक, मागच्या इंजिनाशी कसलाही यांत्रिक जोड नाही. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्याला कमी जोर देता येतो, तेही ताबडतोब. जीटी-आरची ओळख आर३२पासून ज्या अटेसा फोर-व्हील ड्राइव्हवर उभी आहे, तिचा हा नैसर्गिक पुढचा टप्पा वाटतो. निसानकडे ई-फोर्स नावाची दोन मोटरची प्रणाली आरियामध्ये आहेच, त्यामुळे नियंत्रणाचं सॉफ्टवेअर शून्यापासून लिहावं लागणार नाही.

म्हणून मी किटमधला बारीक शाफ्ट कापून काढला, त्याचं पुढचं टोक जिथे बसत होतं ती सगळी जागा घासून सपाट केली आणि तिथे मोटर बसवायला घेतली. एक मोटर की दोन, यावर बराच वेळ घालवला. ३०० मिलिमीटर व्यासाची मोटर माझ्या मापात साडेबारा मिलिमीटरची होते. अशा दोन शेजारी बसवल्या की रेडिएटर आणि इंजिन यांच्यात काहीच उरत नाही, व्ही६ इंजिनाला मागे ढकलावं लागतं आणि ते ढकललं की ड्रायव्हरचे पाय अडतात. सरळ पुढे बसवलेला तोच ब्लॉक ठेवायचा असेल, तर मला एकच, आडवी, चपटी मोटर पटते, आणि तिच्या पोटात छोटं डिफरन्शियल. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक नळीचा तुकडा कापून, दोन्ही बाजूंना शीटच्या चकत्या लावून ती केली. थंड पाण्याच्या नळ्या ०.५ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेच्या आहेत.

बॅटरी हा सगळ्यात वादाचा भाग. पूर्ण इलेक्ट्रिक जीटी-आर इतक्यात येणार नाही हे पांडिकुथिरांच्या बोलण्यातून स्पष्ट आहे. चाचणीच्या इलेक्ट्रिक गाड्या नुर्बुर्गरिंगची एक फेरी मारतात आणि चार्जिंगला लावाव्या लागतात, असा त्यांचा मुद्दा होता. २०.८ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर एका फेरीत गळपटणारी गाडी जीटी-आर म्हणून विकणं निसानला शोभणार नाही. सॉलिड-स्टेट बॅटरीची (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली) प्रायोगिक लाइन योकोहामात आहे, पण उद्दिष्ट आर्थिक वर्ष २०२८चं. म्हणजे पहिली आर३६ नेहमीच्या लिथियम बॅटरीवर, आणि तीही लहान.

किती लहान, याचं उत्तम उदाहरण पोर्शेने २०२४ साली दिलं. ९११ कॅरेरा जीटीएसमध्ये फक्त १.९ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. चार्जिंगची वायर लावायची सोयच नाही, शुद्ध इलेक्ट्रिकवर फिरायची अपेक्षाही नाही. ब्रेकमध्ये मिळालेली ऊर्जा पुढच्या वळणातून बाहेर पडताना वापरायची, एवढंच काम. आणि हायब्रिडमुळे वाढलेलं वजन साधारण ५० किलो. मला वाटतं निसानने हाच हिशेब धरावा. आर३५ शेवटीशेवटी १,७७० किलोच्या आसपास होती. त्यात मोठी प्लग-इन बॅटरी घातली की गाडी २ टनांजवळ जाईल आणि मग टायर, ब्रेक, सस्पेन्शन सगळंच मोठं करत बसावं लागेल.

मी साधारण ३५ लिटरचा डबा धरला. ६०० बाय ४०० बाय १५० मिलिमीटर, मापात २५ बाय १७ बाय ६. तो मागच्या सीटच्या पाठीशी, ट्रान्सअ‍ॅक्सलच्या पुढे आडवा बसवला. तिथे तो दोन चाकांच्या जोड्यांच्या मध्ये राहतो, धडक बसली तरी सुरक्षित, आणि मोटरकडे जाणारी जाड नारिंगी केबल टनेलमधून थेट पुढे जाते. दुसरा शाफ्ट जिथून जायचा तिथूनच. ती केबल सरळ रेषेत अडथळ्याविना बसली तेव्हा मला आतून पटलं की रचना योग्य दिशेने चालली आहे. मागच्या सीट उथळ झाल्या, पण ठेवल्या आहेत. पहिली जीटी-आर, १९६९ची पीजीसी१०, चार दारांची होती. जीटी-आरमध्ये मागे बसायची जागा असावी हा माझा हट्ट आहे.

गिअरबॉक्ससाठी आठ गिअर धरलेत. डिसेंबर २०२५मध्ये टोयोटाने जीआर जीटी दाखवली, तिच्यात ४ लिटर ट्विन-टर्बो व्ही८, मागे आठ गिअरचा ट्रान्सअ‍ॅक्सल आणि एकच मोटर, तीही ट्रान्सअ‍ॅक्सलमध्ये. ६५० पीएसहून जास्त, वजन १,७५० किलोच्या आत ठेवायचं ध्येय, ताकद फक्त मागच्या चाकांना. ती गाडी मला मनापासून आवडली आहे आणि २०२७च्या सुमारास ती रस्त्यावर आली की निसानवर दबाव येणार हे नक्की. पण निसानने टोयोटाची रचना उचलू नये. पुढची चाकं ओढणारी गाडी हीच जीटी-आर.

बॉडीबद्दल अजून घाई करत नाही. ऑक्टोबर २०२३ला निसानने दाखवलेल्या हायपर फोर्स या कॉन्सेप्ट गाडीवरून बॉडी करा असं काही जणांनी सुचवलंय. ती १,००० किलोवॅटची, सॉलिड-स्टेट बॅटरीची कल्पना होती आणि निसानने तिला जीटी-आर असं नाव दिलेलं नव्हतं. आर३५चा इतिहास पाहा: २००१ला कॉन्सेप्ट, २००५ला प्रोटो, २००७ला गाडी. २००५च्या प्रोटोतच खरी गाडी ओळखू येत होती. हायपर फोर्स २००१च्या पायरीवर आहे, प्रोटोची पायरी अजून यायची आहे. म्हणून तिच्याकडून मी फक्त पुढचा उभा, चौकोनी चेहरा घेणार. मागचे चार गोल दिवे अर्थातच राहणार.

पैशांचा मुद्दा सोडून चालणार नाही. २०२४-२५मध्ये निसानला ६७,००० कोटी येनहून जास्त तोटा झाला, कारखाने १७ वरून १० वर आणायचे आहेत, योकोहामाचं मुख्यालयही विकून भाड्याने घेतलंय. अशा वेळी नवा ब्लॉक ओतण्याऐवजी जुनाच घेणं ही मला कमीपणाची गोष्ट वाटत नाही. ज्या नऊ ताकुमी कारागिरांनी ही इंजिनं हाताने जुळवली, ज्यांच्या नावाची पट्टी प्रत्येक इंजिनावर लागली, त्यांची कला त्या ब्लॉकबरोबर पुढे जाईल. १९७३च्या केनमेरी या जुन्या जीटी-आरनंतर पुढची जीटी-आर, आर३२, यायला १६ वर्षं लागली होती. या वेळी एवढं थांबावं लागू नये, आणि ब्लॉक तयार असणं हाच त्यावरचा सगळ्यात व्यवहारी उपाय आहे. भारतात ही गाडी २०१६च्या डिसेंबरमध्ये १.९९ कोटींना आली होती आणि बीएस६नंतर राहिली नाही. हायब्रिडमुळे उत्सर्जनाचं गणित सुटलं तर आपल्याकडेही पुन्हा दार उघडू शकतं.

राहिलेलं काम: बॅटरी आणि मोटरसाठी वेगळा, कमी तापमानाचा रेडिएटर लागणार. तो पुढच्या डाव्या चाकाच्या पुढ्यात बसवायचा विचार आहे, उजवीकडे तेलाचा कूलर. सांगाड्याला प्रायमर मारून झालंय, पण लॅकर रंग पावसाळा संपेपर्यंत बाहेर काढणार नाही. दमट हवेत मारलेला गडद जांभळा वाळताना दुधाळ होतो आणि मग सगळं घासून काढावं लागतं. तोवर मागचे दिवे पारदर्शक रेझिनमध्ये ओतून बघतो. तुमच्यापैकी कोणी एनएसएक्सचं पुढचं मोटर युनिट उघडं पाहिलं किंवा मोजलं असेल, तर त्याची रुंदी जरूर कळवा. माझं साडेबारा मिलिमीटरचं माप त्यावरून पडताळून बघायचं आहे.