पहिली रात्र खोल समुद्रात: ट्युना आणि वाहत्या आमिषाचा प्रश्न

पहाट फुटण्यापूर्वी यलोफिन (पिवळ्या परांचा ट्युना) गळाला लागला, बोटीपर्यंत आला आणि बर्फात गेला, हे आधीच सांगून टाकतो. या नोंदीचा बराचसा भाग मात्र त्याआधीच्या तासांविषयी आहे, कारण तेव्हा फिशफाइंडरवर (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) मासे सतत दिसत होते आणि गळाला काहीही लागत नव्हते.

भूखंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या) कडेला, जिथे २०० मीटरची खोली झपाट्याने वाढत जाते, तिथे इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर सोडली होती. दिव्यांच्या उजेडाला म्हाकूळ आणि उडते मासे जमू लागले आणि थोड्याच वेळात पडद्यावर ४० ते ६० मीटरच्या पट्ट्यात माशांच्या खुणा असलेल्या ठळक कमानी उमटल्या. दिवसा खोलवर राहणारे लहान जीव अंधार पडल्यावर वर येतात आणि यलोफिनही रात्री दिवसापेक्षा वरच्या थरात राहतो, त्यामुळे मासे आवाक्यात होते याविषयी शंका नव्हती. जवळचे सगळे जिग (धातूची जड नकली आमिषे), चमकणारे आणि साधे, जलद आणि संथ अशा दोन्ही गतींनी चालवून झाले. एखादा ओझरता धक्का वगळता प्रतिसाद मिळाला नाही. मग चंकिंग, म्हणजे माशाचे सुटे तुकडे पाण्यात सोडत त्यांच्यासोबत गळाचा तुकडा वाहू देणे, सुरू केले. सुटे तुकडे सोडू लागताच कमानी वर सरकत, म्हणजे ते तुकडे खाल्ले जात होते. गळाला लावलेला तुकडा मात्र जसाच्या तसा परत येई.

प्रथम लीडरवर, म्हणजे गळाजवळच्या फ्लुरोकार्बनच्या (एका पारदर्शक प्लास्टिकच्या) दोरीवर, संशय गेला. ८० पौंड ताकदीचा काढून ५० पौंडांचा बांधला, अंधारात डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात लीडर मुख्य दोरीला जोडणारी एफजी गाठ पुन्हा घातली, आणि ती पहिल्याच प्रयत्नात घट्ट बसली याचे समाधान अजूनही आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ असतो, म्हणून फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, हे आपण सगळेच मानतो. मात्र ‘फ्लुरोकार्बन कोटेड’ अशा नावाने विकली जाणारी दोरी आतून नायलॉनचीच असते आणि विक्रेते हे पुरेसे स्पष्ट सांगत नाहीत, हे माझे मत या रात्रीनंतरही कायम आहे. इतके करूनही फरक पडला नाही, तेव्हा दोष लीडरच्या दिसण्यात नाही, एवढे निश्चित झाले.

उलगडा झाला तो दिव्याच्या झोतात केलेल्या एका साध्या तुलनेतून. एक सुटा तुकडा आणि एक गळ लावलेला तुकडा एकाच क्षणी, शेजारीशेजारी सोडला. गळाचा तुकडा पहिल्या काही हातांत सुट्याच्या पुढे गेला, कारण गळाचे आणि १.७८ घनतेच्या फ्लुरोकार्बनचे वजन त्याला खाली ओढत होते. नंतर दोरी ताणली जाताच तो थबकला, तिरका झाला आणि बोटीच्या दिशेने वर उचलला गेला, तर सुटा तुकडा संथपणे खाली निघून गेला. ब्रेडेड लाइनची (विणलेल्या मुख्य दोरीची) घनता ०.९७ च्या आसपास असल्याने ती पाण्यात बुडत नाही. बोट वाऱ्याने एका दिशेला आणि पाणी प्रवाहाने दुसऱ्या दिशेला जात असले, की तिला मोठा फुगा, म्हणजे बाक, येतो आणि तोच आमिषाला ओढत राहतो. म्हणजे आमचे आमिष आधी जास्त वेगाने बुडत होते आणि नंतर बुडतच नव्हते. सुट्या तुकड्यांच्या रांगेत राहून सहज खाता येण्याजोगे ते कधीच नव्हते.

दोन्ही दोषांवर वेगवेगळे उपाय लागले. जाड गळाऐवजी बारीक तारेचा सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) घेतला, तो तुकड्यात जवळजवळ पूर्ण लपवला आणि सोबत थर्माकोलचा लहानसा कण खुपसला. शेजारी सोडलेल्या सुट्या तुकड्याबरोबर तो एकाच गतीने बुडू लागेपर्यंत कणाचा आकार कमी करत गेलो. फुग्यासाठी नाखवांनी पॅराशूट अँकर (पाण्यात छत्रीसारखा उघडून बोटीला रोखणारा) पाण्यात सोडण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे बोटीची वाहण्याची गती स्पष्टपणे मंदावली. उरलेले काम हाताचे होते: रीळ मोकळे ठेवून दोरी हातभर-हातभर ओढून पाण्यावर सैल सोडत राहायची, जेणेकरून आमिषाला ताण म्हणून जाणवताच कामा नये. हे काम कंटाळवाणे वाटू शकते, परंतु चंकिंगचे खरे कौशल्य याच हालचालीत आहे, असे मी आता ठामपणे म्हणेन.

काही वेळाने हातातली सैल दोरी आपोआप पळू लागली. रिळाचा लीव्हर हळूहळू स्ट्राइकवर, म्हणजे लढतीच्या ब्रेकवर, नेला आणि रॉडला हिसका न देता केवळ रीळ फिरवत राहिलो. सर्कल हुक जबड्याच्या कोपऱ्यात स्वतःच बसतो, त्याला हिसका दिला तर तो तोंडातून निसटून येतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, काट्यावर सुमारे सात किलोला, म्हणजे लीडरच्या ताकदीच्या एक-तृतीयांशाला, आधीच लावून ठेवला होता आणि पूर्ण लढतीत त्याला हात लावावा लागला नाही. पहिली धाव लांब होती. त्यानंतर मासा बोटीखाली खोल गेला आणि शेवटी ट्युनाच्या त्या ओळखीच्या वर्तुळांत फिरू लागला. वर्तुळाचा जो भाग बोटीकडे येतो, तेवढ्यातच दोरी घ्यायची, हे वाचून माहीत होते. हाताला ते त्या रात्री कळले. पिवळे पर दिव्याखाली दिसले, तो क्षण मी पुष्कळ काळ जपून ठेवणार आहे.

ट्युना स्वतःचे शरीर पाण्यापेक्षा उबदार ठेवतो आणि लढतीत ते आणखी तापते, म्हणून पुढची मिनिटे महत्त्वाची असतात. मेंदूत टोचणी, पूर्ण रक्तस्राव आणि मग समुद्राचे पाणी व बर्फ यांच्या लगद्यात पूर्ण बुडवणे, हा क्रम पाळला. खारट लगदा शून्य अंशाच्याही खाली जातो आणि माशाला सर्व बाजूंनी चिकटतो, त्यामुळे नुसत्या बर्फापेक्षा तो कितीतरी उजवा ठरतो. मासा उबदार राहिल्यास त्यात तयार होणारे हिस्टामाइन (विषबाधा करणारे द्रव्य) शिजवूनही जात नाही, हे नव्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे.

दुसरा मासा शार्कने नेला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ड्रॅग वाढवून लढत आवरती घेणे एवढाच मार्ग मला दिसतो.

पुढच्या वेळेसाठी आणखी जड जिग घ्यायचे ठरले होते, तो विचार आता बाजूला ठेवला आहे. त्याऐवजी ब्रेडेड लाइनच्या पुढे पंधरा-वीस मीटर फ्लुरोकार्बन जोडून पाहणार होतो. परंतु हे लिहितानाच लक्षात येते, की बुडणारी लांब दोरी फुगा कमी करील, तरी तुकड्याला खाली ओढण्याचा पहिला दोष वाढवील, तेव्हा १.१४ घनतेचे नायलॉन मध्ये घालून फ्लुरोकार्बन केवळ शेवटच्या दोन मीटरपुरते ठेवणे अधिक योग्य वाटते. नायलॉन ताणले की लांबते, पण ते सर्कल हुकला बाधक ठरू नये. थर्माकोल समुद्रात सुटण्याची शक्यता मला मुळीच आवडत नाही, म्हणून त्या जागी बुचाचे कण वापरून बघेन. आणि दर दहा मीटरला रंग बदलणाऱ्या दोरीचे रंग लाल दिव्यात ओळखू येत नाहीत, त्यामुळे खोली बोटांनाच कळावी यासाठी दोरीवर मेण लावलेल्या धाग्याचे लहान वेढे बांधून घेणार आहे. असे वेढे रॉडच्या कड्यांतून अडथळ्याविना जातात का, हे ज्यांनी वापरून पाहिले असेल त्यांनी जरूर सांगावे.